मात्सुए स्टेशनवर तू विचारलंस तेव्हा

वोल्फ्सबुर्ग, १४ ऑक्टोबर २००७

चि. ईप्सिता,

नावाआधी 'सौ.' लिहिलेलं नाही. तुझं लग्न मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर शिक्का मारायची मला कारखान्यातसुद्धा सवय नाही.

मराठीत लिहितो आहे. तुला वाचायला वेळ लागेल, अक्षराखाली बोट धरून वाचशील, तरी चालेल. जर्मनमध्ये मला रागावता येत नाही. तेवीस वर्षं इथे काढली, पण जर्मनमध्ये मी फार तर तक्रार नोंदवू शकतो. ईमेल मुद्दामच करत नाही. ईमेलला तू एका ओळीत उत्तर देतेस आणि खाली तुझ्या विद्यापीठाचा पत्ता सात ओळींचा असतो.

आम्ही मंगळवारी सुखरूप पोचलो. तू विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो.

तर तुझं मात्सुए पाहून आलो. सरोवराच्या काठी गाव, गावात टेकडीवर काळा लाकडी किल्ला, किल्ल्याभोवती खंदक. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण दोन वर्षांनी मुलीचं तोंड पाहायला एवढ्या लांब आलेल्या माणसाला किल्ला दाखवतात का? चार दिवस तू आम्हाला शाळेची सहल आल्यासारखं फिरवलंस, आणि दर ठिकाणी नेमकी स्वतः बाहेर थांबलीस.

नावेचंच घे. खंदकातून तासभर नाव फिरते. तिकिटं काढलीस, आम्हाला बसवलंस, आणि स्वतः धक्क्यावर उभी. "मला हे सगळं पाठ आहे, तुम्ही जा." तुझ्या आईबरोबर नावेत बसायला मी जपानला आलो नव्हतो. त्यात ते पूल. काही पूल इतके बुटके की नावेचं छप्परच खाली उतरतं, आणि सगळ्यांनी वाकून कपाळ गुडघ्याला लावायचं. समोरच्या म्हाताऱ्या बायका खिदळत वाकत होत्या. मी पाठीमुळे जरा ताठ राहिलो, तर नावाड्याने नाव थांबवली आणि मी वाकेपर्यंत पुढे नेली नाही. सगळी नाव माझ्याकडे बघत होती. तुझी आई मात्र मागे वळून धक्क्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय बघतेस?" तर म्हणाली, "काही नाही. तुम्ही वाका."

किल्ल्यात तेच. बूट काढा, सपाता घाला आणि माळ्यावर चढावं तशा उभ्या जिन्यांनी वर जा. तू खालीच. "पायऱ्या फार आहेत बाबा, मी थांबते." एकोणतीस वर्षांची मुलगी म्हणते पायऱ्या फार आहेत, आणि तिचा चोपन्न वर्षांचा बाप कठडा धरून सहाव्या मजल्यावर जातो. वरून चारी दिशांना दिसतं, सरोवर थेट डोंगरापर्यंत पसरलेलं आहे. लोक तिकडचे फोटो काढत होते. मी खाली बघत होतो. तू झाडाखाली दगडावर बसली होतीस आणि तुझा हात पोटावर होता. मला वाटलं, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असेल. खाली आल्यावर मी विचारलंही, "गोळी देऊ का?" तू हसलीस. चार दिवसांत एकदाच हसलीस, ते तेव्हा.

तुझ्या आईने नावेतूनच ओळखलं होतं म्हणे. डॉक्टरांनी तुला जपायला सांगितलं होतं, वाकायचं नाही, जिने चढायचे नाहीत, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. तुझ्या नवऱ्याला, ताकुयाला माहीत, त्याच्या आईला माहीत. मला कधी कळलं? शेवटच्या दिवशी, स्टेशनवर, गाडी यायला तीन मिनिटं असताना.

"बाबा, मला मार्चमध्ये बाळ होणार आहे. मम्मा येणार आहे. तू येशील?"

मी म्हटलं, "मी कशाला? माझं काय काम तिथे?"

तू म्हणालीस, "ओके."

आणि गाडी आली. तिकडे गाड्या मिनिटाला मिनिट धरून येतात, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

ईप्सिता, दुसऱ्यांदा विचारायचं असतं. एवढी साधी गोष्ट तुला कोणी शिकवली नाही. पहिलं 'नको' हे 'नको' नसतं. समोरच्याने म्हणायचं, असं काय करता, तुम्ही आलंच पाहिजे. मग आपण म्हणायचं, बरं, एवढं म्हणतेस तर. माझ्या आत्याकडे तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी पानावर बसत नसे, आणि उपाशीही कोणी परत जात नसे. इथे तसं नाही हे मला कळतं. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की केक फिरतो. एकदा 'नाइन, डांके' म्हटलं की केक पुढच्या टेबलावर जातो तो कायमचा. पहिल्या वर्षी मी असे सात केक घालवले. आता ऑफिसात मी पहिल्या फटक्यात हो म्हणतो. पण घरच्या माणसांशी ऑफिसातल्यासारखं वागायचं का?

लग्नाच्या वेळीही हेच झालं. फोनवर विचारलंस, "मेमध्ये लग्न करतोय, येशील?" मी म्हटलं, "बघू." आणि तू मला खरंच बघत बसवलंस.

ताकुयाच्या घरच्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नाही.

मार्चला अजून पाच महिने आहेत. मला येण्याची काही गरज आहे असं नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबा

वोल्फ्सबुर्ग, २ डिसेंबर २००७

ईप्सिता,

मागचं पत्र पाठवलेलं नाही. पाकीट केलं, पत्ताही लिहिला, पण तुझ्या पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं, नुसते आकडे असतात. ते पोचेल असा भरवसा वाटेना. आता दोन्ही बरोबर पाठवीन.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते. "जेवण ठेवलंय." "पिवळी पिशवी बाहेर ठेवा, उद्या कचऱ्याची गाडी आहे." इतपत बोलते. जवळजवळ दोन महिने असं चाललंय. कारण तुला ठाऊक आहे. त्या जेवणाबद्दल लिहिणार नाही असं म्हटलं होतं, पण माझी बाजू कोणी ऐकूनच घेत नाही, तेव्हा लिहितो.

त्या घरात शिरलो तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं. तुझ्या नवऱ्याबद्दल मी मनात बरंच काही धरून आलो होतो. मुलीने सरोवराच्या पाण्यातल्या मिठावर डॉक्टरेट करायची आणि त्याच सरोवरातून शिंपल्या काढणाऱ्याशी लग्न करायचं, हे चारचौघांत कसं सांगायचं? ऑफिसातल्या हरीशने विचारलं तेव्हा मी सांगितलं, जावई फिशरीजमध्ये आहे. सकाळी तीन-चार तासच शिंपल्या काढायची परवानगी, म्हणजे दुपारी बाराला जावई घरात. हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

पण त्याच्या आईने माझ्यापुढे शिंपल्यांच्या साराची वाटी ठेवली आणि मी हात आडवा केला, तेव्हा त्या बाईने वाटी उचलली नाही. उलट पुढे सरकवली. मी पुन्हा नको म्हटलं. तिने दोन्ही हातांनी वाटी धरली, वाकली आणि काहीतरी म्हणाली. तू ते सांगितलं नाहीस, पण मला समजलं. माझी आत्या हेच म्हणायची. जन्मात मासळीला हात न लावलेला मी ते सार प्यालो, शिंपल्या तेवढ्या तळाशी ठेवून. तुझी आई कारवारकडची, तिने त्याही संपवल्या आणि म्हणाली, "अगदी आपल्या तिसऱ्यांची चव." मला वाटलं, या घरात मुलगी दिली ते बरंच झालं. मी दिली नव्हती, ते सोड.

तेवढ्यात त्या बाईने काहीतरी विचारलं आणि तू ते मराठीत केलंस. "बाबा, त्या विचारतायत, लग्नाच्या कार्डाचं उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या ठेवल्या होत्या. तुम्ही आजारी होतात का?"

तुझी आई म्हणाली, "कुठलं कार्ड?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आलंच नाही. टपालात गहाळ झालं असणार." तू ते जपानीत सांगितलंस. ताकुयाच्या आईने इतक्या वेळा माफी मागितली की जणू टपाल तीच वाटते. तू माझ्या वाटीत उरलेल्या शिंपल्यांकडे बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण तिघं सरोवराच्या काठावर बसलो होतो, ते तरी काय बसणं होतं. अख्खं गाव सूर्यास्ताला खुर्च्या टाकून बसलेलं, कॅमेरे तिकाटण्यांवर चढवलेले, आणि आकाशात नेमके ढग. तू पाण्यातल्या त्या लहानशा बेटाची गोष्ट सांगितलीस. सासरच्या जाचाला कंटाळलेली सून गोठलेल्या सरोवरावरून माहेरी निघाली, बर्फ फुटून बुडाली, आणि तिच्यासाठी ते बेट वर आलं. मी म्हटलं, "मग माहेरचे लोक काय करत होते?" तू म्हणालीस, "गोष्टीत ते नाहीत." तुझी आई उठून गाडीकडे चालायला लागली. यात मी चुकीचं काय विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

विमानात तिने एकदाच विचारलं, "अहो, खरंच आलं नव्हतं?" मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तेव्हापासून हे असं आहे. टपालात गोष्टी गहाळ होतात. मागच्या दिवाळीचा फराळ पुण्याहून सहा आठवड्यांनी आला, चकल्यांचा भुगा झाला होता.

आणि बाळंतपणाचं काय ठरवलंयस? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ताकुयाच्या आईला हे सांगायला नको, तिच्या चेहऱ्यावरून ती समजुतीची बाई दिसते. इथलं हॉस्पिटल आपल्या घरापासून आठ मिनिटांवर आहे. तुझी खोली आहे तशी आहे. म्हणजे तशी नाही, मी तिथे व्यायामाची सायकल ठेवली आहे, पण ती तासाभरात तळघरात जाईल. तू नुसतं यायचं. मुलीने माहेरी येताना विचारायचं नसतं. आणि बापाने तरी का विचारावं? ते धरूनच चाललेलं असतं.

आज पहिला आद्व्हेंट, ख्रिसमसच्या तयारीचा पहिला रविवार. शेजारच्या फ्राऊ ल्युडर्सनी घरी केलेल्या बिस्किटांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "मुलगी ख्रिसमसला येणार असेल." मी म्हटलं, बघू.

बाबा

वोल्फ्सबुर्ग, २४ फेब्रुवारी २००८

चि. सौ. ईप्सिता,

काल तुझ्या आईला हॅनोव्हरच्या विमानतळावर सोडून आलो. आतापर्यंत ती तुझ्याजवळ पोचली असेल. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोप आणि तान्ह्या बाळाची टोपडी आहेत. तिचे स्वतःचे कपडे मला दिसले नाहीत.

रांगेत उभी असताना म्हणाली, "अहो, अजून चार आठवडे आहेत. रजा टाका आणि या."

मी म्हटलं, "मला कोणी बोलावलंय?"

"तुम्हाला काय घरी येऊन अक्षत द्यायला हवी?"

मी तिची बॅग रांगेत पुढे सरकवली. मग ती म्हणाली, "फ्रीझरमध्ये डबे आहेत. झाकणांवर नावं लिहिलीत." आणि आत गेली. मागे वळली नाही.

घर फार शांत आहे. या गावात रविवारी कुत्रासुद्धा भुंकत नाही. आमटीचा डबा काढला आणि तो वितळायची वाट बघत हे लिहितो आहे.

कार्ड आलं होतं.

आता लिहिलंच. फेब्रुवारी दोन हजार सहामध्ये आलं. जाड पांढरं पाकीट होतं, आत उत्तरासाठी वेगळं छोटं कार्ड. त्यावर दोन जपानी शब्द छापलेले आणि शेजारी तुझ्या पेन्सिलीने, जर्मनमध्ये, 'येणार' आणि 'येणार नाही'. खाली तुझंच अक्षर, कृपया खूण करून ३१ मार्चपर्यंत परत पाठवावे.

मी मुलीचा बाप. आपल्याकडे मुलीचा बाप बोलावणी करतो. वीणामावशीच्या लग्नात तुझ्या आजोबांनी ताप अंगात असताना स्कूटरवरून अर्ध्या पुण्याला अक्षत दिली होती. आणि माझ्या मुलीच्या लग्नाला मी येणार की नाही, ते मी खूण करून कळवायचं. इथे दर वर्षी विजेच्या मीटरचं रीडिंग कळवायला कार्ड येतं, ते असंच असतं. मला इतका अपमान वाटला की ते कार्ड मी टॅक्सच्या जुन्या फाइलमध्ये घातलं आणि फाइल वरच्या फळीवर ठेवून दिली.

मला वाटत होतं, तू फोन करशील. बाबा, उत्तर नाही आलं, असं काय करतोस, तुझ्याशिवाय लग्न होईल का. मी म्हणणार होतो, बरं. सूट ड्रायक्लीन करून आणला होता. रजेचा फॉर्मही भरून ठेवला होता. ३१ मार्च गेला. एप्रिलचा पहिला आठवडा गेला. तू काही फोन केला नाहीस.

तुझी आई तेव्हा पुण्यात होती, वीणामावशीकडे, आजीच्या आजारपणात. ती एप्रिलमध्ये परत आली आणि तिने विचारलं, तेव्हा मी तिला सांगितलं, ईप्सिता म्हणते आम्ही फक्त नगरपालिकेत सही करणार आहोत, कोणी यायची गरज नाही. ती रडली. मी तिची समजूत घातली, हल्लीची मुलं अशीच म्हणून. तिने तुला फोन केला तर तू एवढंच म्हणालीस, "बाबाला सगळं माहीत आहे." तिला वाटलं, मी बरोबर सांगितलं. तुला वाटलं, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. हे सगळं मी एकट्याने केलं.

लग्नाची वेळ कार्डावर होती, १४ मे, दुपारी तीन. तुमचे तीन म्हणजे आमचे सकाळचे आठ. रविवार होता. तुझी आई अंघोळीला गेली होती. मी मूठभर तांदळांना कुंकू लावलं, स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीपाशी उभा राहिलो, आणि घड्याळात आठ वाजल्यावर त्या अक्षता खिडकीच्या दिशेने टाकल्या. मंगलाष्टकं पाठ नाहीत. शुभमंगल सावधान तेवढं म्हटलं. दुपारी तुझ्या आईने व्हॅक्यूम फिरवताना विचारलं, "अहो, इथे लाल तांदूळ कुठून आले?" मी म्हटलं, "देवाचं ताट हिंदकळलं."

माझा राग खोटा नव्हता. तो अजूनही आहे. तुला एक फोन करता आला असता. पण मुलीच्या लग्नाच्या अक्षता कोणी स्वयंपाकघराच्या काचेवर टाकत नाही, हेही मला कळतं.

हे पत्र पाठवलं तर तू मला पुन्हा कधी काही विचारशील असं वाटत नाही. नाही पाठवलं तर बाळ होईल, त्याला पाहायला तिकडे सगळे असतील, आणि मी इथे डब्यांवरची नावं वाचत असेन. आमटी वितळून गार झाली.

बाबा

वोल्फ्सबुर्ग, ८ मार्च २००८

चि. सौ. ईप्सिता,

हे पत्र फॅक्सने येतंय. टपालाने पोचेपर्यंत उशीर होईल. ताकुयाकडे शिंपल्यांच्या ऑर्डरी फॅक्सवर येतात, तो नंबर तुझ्या आईच्या वहीत होता. मशीन फ्राऊ ल्युडर्सचं आहे. पहिल्यांदा कागद ताकुयाच्याच हातात पडेल आणि त्याला ही ऑर्डर वाचता येणार नाही, पण तो तुला आणून देईल. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर माझ्या तोंडून आधी 'नको' निघतं.

याआधीची तीन पत्रं माझ्याजवळ आहेत. एकही पाठवलेलं नाही. त्यांत जे आहे त्यातलं मुख्य एवढंच, की तुझं लग्नाचं कार्ड मला मिळालं होतं. टपालात काही गहाळ झालं नव्हतं. मी ते लपवलं, तुझ्या आईशी खोटं बोललो, आणि ताकुयाच्या आईसमोर बसून, तिच्या घरचं सार पिऊन, पुन्हा खोटं बोललो. त्या बाईने नसलेल्या चुकीची माफी मागितली. तिला हे सांग. नको, सांगू नकोस. ते माझं मला सांगायला हवं.

परवा तुझ्या आईला फोन करून मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती फोन आपटेल. ती म्हणाली, "फाइल मला डिसेंबरातच सापडली. फळी पुसायला मीच चढते अहो, तुम्ही नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

"ईप्सिताला सांगितलंस?"

"नाही. ते तुमचं तुम्ही सांगा." मग म्हणाली, "आणखी एक ऐका. बाळंतपणाला मुलीने आईकडे जायचं, हे यांच्यातही आहे. ताकुयाच्या आई नोव्हेंबरपासून हिला विचारतायत, जर्मनीला कधी जाणार. हिने डॉक्टरकडून विमानाचं सर्टिफिकेट आणून ठेवलं होतं, जानेवारीअखेरपर्यंत प्रवासाला हरकत नाही म्हणून. मी काल कपाटात पाहिलं. मी म्हटलं, मग आली का नाहीस गं? तर म्हणते, 'बाबाने बोलावलं नाही.'"

मी फोन हातात धरून उभा राहिलो. ती तिकडून "अहो, अहो" करत होती.

ईप्सिता, इतके दिवस मी सगळ्यांना सांगत आलो की मुलगी जर्मन झाली, एकदा विचारते आणि विषय बंद करते. हरीशला सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, तीन पत्रांत लिहून ठेवलं. आणि तू तिथे सर्टिफिकेट आणून, कपाटात ठेवून, माझ्या बोलावण्याची वाट बघत होतीस. मी इथे तुझ्या आग्रहाची वाट बघत होतो. मला आधी स्वतःचा राग आला, मग तुझा आला. तू तरी सरळ यायचं होतंस. माझ्यावर गेलीस, त्याला मी तरी काय करणार?

पण मुलीला माहेरी बोलावणं हे बापाचं काम असतं. धरून चालायचं नसतं, तोंडाने म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. आता तुला विमानात बसता येणार नाही, आणि ते दिवस काही मला परत आणता येणार नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला.

ऑफिसात रजा मागितली आहे. आमच्या साहेबांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, मुलीला विचारून सांगतो. तिकीट काढलेलं नाही. तुला न विचारता दारात येऊन उभं राहण्याचा हक्क मी मे दोन हजार सहामध्ये घालवला.

मी तिथे आलो तरी कामाचा काही उपयोग नाही. तान्हं बाळ मला धड धरता येत नाही, तुला धरायलाही मी दहा दिवस घाबरत होतो, आईला विचार. ताकुयाशी मला बोलता येणार नाही. पण पहाटे त्याच्याबरोबर शिंपल्यांच्या होडीत बसेन. वाकायचं असेल तिथे वाकेन. त्याच्या आईसमोर जे बोलायचं आहे ते तू जपानीत करून दे, एकही शब्द सौम्य न करता.

तुझ्या आईला मी हे लिहितोय हे माहीत नाही. तिच्याकडून तुला विचारून घेणं सोपं होतं.

मला यायचं आहे. माझ्या नातवंडाला पाहायचं आहे, आणि त्याआधी तुला. येऊ का?

नाही म्हणालीस तर राग येईल, खोटं कशाला बोलू. पण उद्या पुन्हा विचारीन.

तुझा
बाबा